भरणारी घटका, गळणारी वाळू

वाळूच्या घड्याळांचे एक कोडे अनेकांच्या परिचयाचे असेल. दोन घड्याळे आहेत. एक सात मिनिटांत रिकामे होते, दुसरे चार मिनिटांत. वेळ मोजण्याचे दुसरे कोणतेही साधन जवळ नाही. तर बरोबर नऊ मिनिटे कशी मोजायची?

उत्तर असे : दोन्ही घड्याळे एकदम सुरू करावीत. चार मिनिटे होताच चाराचे घड्याळ उलटावे, सात होताच साताचे. आठव्या मिनिटाला चाराचे घड्याळ दुसऱ्यांदा रिकामे होईल. त्या क्षणी साताच्या घड्याळातून, ते उलटल्यापासून, फक्त एका मिनिटाची वाळू खाली आलेली असेल. ते पुन्हा उलटले की तेवढीच वाळू परत जाईल आणि ती संपताक्षणी नऊ मिनिटे पूर्ण होतील.

कोडे सुटल्याचा आनंद ओसरला की एक प्रश्न मात्र मागे उरतो. हे कोडे ज्या साधनावर उभे आहे ते साधन आपल्या परंपरेतले नाही. मराठी मुलखात शतकानुशतके वेळ मोजली गेली ती घटिकापात्राने. हेच कोडे घटिकापात्रांच्या आधारे घातले असते तर ते सुटले असते का? प्रश्न वरवर खेळकर वाटतो; पण त्याचे उत्तर शोधताना कालमापनाच्या इतिहासातली एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते. म्हणून हा प्रपंच.

प्रथम साधनाची ओळख. तांब्याचे अर्धगोल पात्र, त्याच्या तळाला सूक्ष्म छिद्र. ते पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यात तरंगत सोडायचे. छिद्रातून पाणी आत येते, पात्र हळूहळू भरते आणि बुडते. बुडण्यास लागणारा काळ म्हणजे एक घटका, आजच्या हिशेबाने २४ मिनिटे. पात्र उचलायचे, रिते करायचे आणि पुन्हा पाण्यावर सोडायचे. सूर्यसिद्धान्तात या यंत्राला कपालयंत्र म्हटले आहे. निर्मळ पाण्याच्या कुंडात ठेवलेले आणि अहोरात्रात साठ वेळा बुडणारे पात्र ते खरे यंत्र, असे त्याचे लक्षण तेथे दिले आहे. पाणी निर्मळ हवे ही अट सहज आलेली नाही. छिद्र एवढे लहान की गाळाचा एखादा कणही वेळ लांबवू शकतो. एका घटकेची साठ पळे, म्हणजे एक पळ चोवीस सेकंदांचे. पात्र बुडाले की घड्याळजी धातूच्या थाळीवर टोला देई. त्या थाळीला ‘तास’ म्हणत. फारसी-अरबीत तास म्हणजे वाडगे किंवा तबक. मराठीत तो शब्द आधी वाजवायच्या थाळीला आणि मग साठ मिनिटांच्या अवधीला लागला. ‘घड्याळ’ या शब्दातही ती जुनी घटीच दडलेली आहे.

आता कोडे. सात पळांत बुडणारे एक पात्र आणि चार पळांत बुडणारे दुसरे. नऊ पळे मोजायची आहेत. पहिली अडचण लगेच जाणवते. घटिकापात्र उलटता येत नाही. अर्धे भरलेले पात्र पाण्याबाहेर काढले तर त्यातले पाणी त्याच छिद्रातून गळू लागते, आणि ते किती वेळात गळेल याचा भरण्याच्या वेळेशी काही ठरलेला संबंध नाही. तेव्हा हातात एवढेच उरते : एखादे पात्र बुडाले की त्या क्षणी कोणतेही पात्र रिते करून नव्याने सोडायचे.

या नियमाने काय साधेल ते पाहू. पहिली खूण सुरुवातीपासून चार किंवा सात पळांनीच मिळणार. त्यापुढची प्रत्येक खूण आधीच्या कोणत्यातरी खुणेनंतर चार किंवा सात पळांनी मिळणार, कारण पात्र सोडले जाते ते एखाद्या खुणेच्या क्षणीच. म्हणजे सर्व खुणांच्या वेळा चार आणि सात यांच्या बेरजांतूनच बनतात : ४, ७, ८, ११, १२, १४, १५ अशा. या यादीत नऊ नाही आणि पुढेही येणार नाही. कोणी चतुराईने भरत असलेल्या पात्राच्या छिद्रावर बोट दाबून ते मध्येच थांबवून ठेवले आणि पुढच्या खुणेला पुन्हा सोडले, तरीही नऊ साधत नाही. सर्व शक्यता तपासून पाहिल्यास आठाच्या खुणेनंतरची पुढची खूण अकराच्या आधी येत नाही, असे दिसते.

मग कोडे सुटतच नाही का? सुटते, पण त्यासाठी अट सैल करावी लागते. दोन्ही पात्रे एकदम सोडावीत आणि प्रत्येक बुडाले की लगेच पुन्हा सोडत राहावे. चाराचे पात्र तिसऱ्यांदा बाराव्या पळाला बुडेल, साताचे तिसऱ्यांदा एकविसाव्या पळाला. या दोन क्षणांमधले अंतर बरोबर नऊ पळांचे आहे. म्हणजे घटिकापात्रांनी नऊ पळे मोजता येतात. मात्र ‘आतापासून’ नव्हे. आधी बारा पळे थांबावे लागते, आणि मापलेला अवधी एका पात्राच्या बुडण्यापासून दुसऱ्याच्या बुडण्यापर्यंत धरावा लागतो.

दोन साधनांतला फरक येथे स्पष्ट होतो. वाळूचे घड्याळ उलटले की गेलेला काळ समोर पुन्हा उभा राहतो. जेवढी वाळू खाली गेली तेवढीच वर येते. त्याला मागचे स्मरण असते. घटिकापात्राला असे स्मरण नसते. ते रिते केले की त्यात काल किती पाणी होते याची खूण उरत नाही. म्हणून वाळूच्या घड्याळाला स्वतःशीच वजाबाकी करता येते. घटिकापात्राला वजाबाकीसाठी दुसरे पात्र लागते.

वाळूचे घड्याळ युरोपात चौदाव्या शतकापासून दिसते. सिएना येथील नगरभवनात आंब्रोजो लोरेन्झेत्ती याने १३३८ च्या सुमारास काढलेल्या भित्तिचित्रात ते एका आकृतीच्या हातात आहे. पुढे ते मुख्यतः जहाजांवर रुळले. डोलणाऱ्या जहाजावर पाण्याचे पात्र स्थिर राहत नाही. बंद काचेतली वाळू मात्र आपले काम करते. आपल्या किनाऱ्यावर आलेल्या युरोपीय जहाजांवर अर्ध्या तासाची अशी घड्याळे असत. पण जमिनीवर, वाड्यांत आणि देवळांत, त्यांनी घटिकापात्राची जागा घेतली नाही. भाषाच याची साक्ष देते. ‘वाळूचे घड्याळ’ हे नाव नुसते वर्णन आहे; त्याच्याभोवती एकही मराठी वाक्प्रचार जमला नाही. उलट घटका आपल्या बोलण्यात सर्वत्र आहे. कोणाची घटका भरते, कोणी अखेरच्या घटका मोजतो, घटकाभर कोणी टेकतो. मराठीत काळ गळत नाही, भरतो. गरोदर बाईचे दिवस भरतात, अपराध्याची शंभर वर्षे भरतात, मजूर दिवस भरतो. काळ पुरा होणे म्हणजे काहीतरी काठोकाठ येऊन बुडणे, ही कल्पना घटिकापात्राच्या अनुभवाशी इतकी मिळतीजुळती आहे की दोहोंचे नाते नाकारणे कठीण.

मात्र येथे खरा प्रश्न वेगळाच आहे. पात्र घटकेत बुडते हे कशावरून?

प्राचीन ग्रंथांत या प्रश्नाला एक उत्तर मोजमापांच्या रूपाने दिलेले आढळते. आठव्या शतकातील लल्लाचार्यांनी पात्राचे तपशील दिले आहेत : दहा पले वजनाचे तांबे, सहा अंगुळे उंची, बारा अंगुळे रुंदी, आणि छिद्र पाडायचे ते ३⅓ मासे सोन्याच्या, चार अंगुळे लांबीच्या सुईने. वाचताना कारागिराचा विश्वास बळावतो. एवढ्या काटेकोर मापाने घडवलेले पात्र बरोबर चालणारच, असे वाटू लागते.

भास्कराचार्यांना तसे वाटले नाही. त्यांचा जन्म १११४ चा. ‘सिद्धान्तशिरोमणि’ १९५० मध्ये नव्हे, आठशे वर्षे आधी, ११५० मध्ये पूर्ण झाला. त्यातील गोलाध्यायाच्या यंत्राध्यायात त्यांनी घटीयंत्राचे वर्णन केले आहे आणि स्वतःच्याच टीकेत वजनामापांच्या जुन्या नियमाला युक्तिशून्य व दुर्घट ठरवले आहे. त्यांची रीत अगदी साधी आहे. अर्ध्या घटाच्या आकाराचे, तळाला छिद्र असलेले तांब्याचे कोणतेही पात्र घ्यावे. ते अहोरात्रात किती वेळा बुडते ते मोजावे. अहोरात्राला त्या संख्येने भागावे. जे येईल ते त्या पात्राचे माप. उदाहरणार्थ, पात्र साठाऐवजी चौसष्ट वेळा बुडाले, तर त्याचे एक बुडणे म्हणजे ५६¼ पळे.

या रीतीत एक मोठे वैचारिक पाऊल आहे. पात्र चांगले घडवले आहे म्हणून त्याचे म्हणणे खरे, ही भूमिका भास्कराचार्य सोडून देतात. पात्र कसेही असो. त्याची चूक किती ते कळले की ते उपयोगी. आणि ती चूक पात्राला स्वतःला सांगता येत नाही. ती सांगण्यासाठी सूर्य लागतो. एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतचा काळ हे येथे दुसरे, मोठे पात्र आहे. त्याच्याशी लहान पात्राची तुलना होते. चार आणि सात पळांच्या कोड्यात आपण जे केले तेच हे. एका पात्राचे सत्य दुसऱ्या पात्राच्या शेजारी ठेवल्यावरच उघड होते.

हे ध्यानात घेतले की लीलावतीची प्रसिद्ध कथा वेगळ्या प्रकाशात दिसू लागते. कथा सर्वांना ठाऊक आहे. मुलीच्या भाग्यात वैधव्य किंवा अपत्यहीनता लिहिलेली. ती टाळण्यासाठी भास्कराचार्य एकच शुभ घटका शोधून काढतात आणि घटिकापात्र मांडतात. उत्सुकतेने वाकून पाहणाऱ्या लीलावतीच्या अलंकारातला मोती पात्रात पडतो, छिद्र बुजते, पात्र बुडत नाही, आणि मुहूर्त टळून जातो. मग पिता तिच्या नावाने ग्रंथ लिहितो.

ही कथा भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. ती येते ती अबुल फैज ऊर्फ फैजी याने १५८७ मध्ये अकबराच्या दरबारात केलेल्या ‘लीलावती’च्या फारसी अनुवादाच्या प्रस्तावनेत, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांच्या नजरेस आणला. त्यात घराण्याच्या पिढ्या दिल्या आहेत, मुलगा लक्ष्मीधर आहे, नातू चांगदेव आहे, लीलावती नाही. यावरून ती नव्हतीच असे सिद्ध होत नाही, कारण अशा वंशावळी मुलींची दखल क्वचितच घेतात. पण कथेला समकालीन आधार नाही, एवढे निश्चित.

कथेतली खरी विसंगती मात्र पुराव्याच्या अभावात नाही. ती तिच्या तर्कात आहे. ज्या माणसाने पात्राच्या घडणीवर विश्वास ठेवू नका, ते पडताळून पाहा असे लिहिले, तोच माणूस आयुष्यातल्या सर्वांत महत्त्वाच्या प्रसंगी एकाच पात्रावर विसंबून बसलेला दाखवला आहे. शेजारी दुसरे पात्र तरंगत असते तर पहिले अडल्याचे तत्काळ कळले असते. शंकूची सावली पाहिली असती तरी कळले असते. पण तसे झाले असते तर शोकांतिका घडली नसती. कथेला एकटे पात्रच हवे होते. न अडणारा काळ आणि अडलेले यंत्र यांतले अंतर कोणाच्याही लक्षात येऊ नये, ही त्या कथेची गरज आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने ही कथा खोटी म्हणून टाकून देऊ नये. मोजमापाविषयीची एक खोल भीती तिने नेमकी पकडली आहे : यंत्र बंद पडते तेव्हा ते काहीच बोलत नाही, आणि त्याचे न बोलणे ‘अजून वेळ आहे’ असे ऐकू येते.

यंत्र चालू असले तरी ऐकणाऱ्याची अडचण संपत नाही. त्याची एक नोंद बाबराने आपल्या आत्मचरित्रात करून ठेवली आहे. हिंदुस्थानातील कालमापनाचे वर्णन करताना तो सांगतो, की दिवसाचे चार आणि रात्रीचे चार प्रहर, आणि प्रत्येक प्रहरात घटकांचे टोले पुन्हा पहिल्यापासून मोजले जात. प्रहराची वेगळी खूण फक्त तो संपतानाच वाजे. मध्यरात्री जाग आलेल्या माणसाला चार किंवा पाच टोले ऐकू येत. पण ते दुसऱ्या प्रहरातले की तिसऱ्या, हे कळण्यास मार्ग नसे. बाबराने हुकूम काढला, की रात्री आणि ढगाळ दिवशी घटकेचे टोले दिल्यावर थोडे थांबून प्रहराचेही टोले द्यावेत. एका संख्येने न सुटणारे कोडे दोन संख्यांनी सुटले.

दोन संख्या लागण्याचे कारण प्रहर आणि घटका यांच्या स्वभावातच आहे. घटका पात्राने ठरते, म्हणून ती बारमाही सारखी. प्रहर मात्र दिवसाचा किंवा रात्रीचा चौथा भाग. दिवस लहानमोठा होईल तसा प्रहर आकसतो आणि ताणतो. सोलापूरचे उदाहरण घेऊ. तेथे वर्षातला सर्वांत मोठा दिवस सुमारे ३३ घटकांचा आणि सर्वांत लहान सुमारे २८ घटकांचा. म्हणजे उन्हाळ्यातला दिवसाचा प्रहर सव्वाआठ घटकांच्या आसपास, तर थंडीतला सातांच्या आसपास. घटका पात्र मोजते, प्रहर सूर्य मोजतो. दोघांचा हिशेब रोज जुळवत राहावा लागतो.

सोलापूरचे नाव येथे उगाच घेतलेले नाही. गणिताच्या इतिहासात या शहराचे एक मानाचे स्थान आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, आजचे मळखेड, सोलापूरपासून फार दूर नाही. या ग्रंथाची लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह आवृत्ती सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत १९६३ मध्ये प्रसिद्ध केली. महावीराचार्यांना कोड्यांची आवड होती. बिळात शिरणाऱ्या सापाचे त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे : साप ५/१४ दिवसात साडेसात अंगुळे आत जातो, आणि त्याच वेळी त्याची शेपटी पाव दिवसात पावणेतीन अंगुळे वाढते. म्हणजे तो दिवसाला २१ अंगुळे शिरतो, ११ अंगुळे वाढतो. खरी प्रगती दिवसाला फक्त १० अंगुळांची. दोन गती एकमेकींतून वजा केल्याशिवाय उत्तर नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या ग्रंथाचा आरंभीचा परिभाषेचा भाग अधिक महत्त्वाचा. तेथे काळाची जैन मापे दिली आहेत : सात उच्छ्वासांचा एक स्तोक, सात स्तोकांचा एक लव, साडेअडतीस लवांची एक घटी, दोन घटींचा एक मुहूर्त. गुणाकार केला तर मुहूर्तात ३७७३ उच्छ्वास येतात. सिद्धान्तग्रंथांच्या परंपरेत मात्र सहा प्राणांचे एक पळ आणि साठ पळांची एक घटी. म्हणजे मुहूर्तात ७२० प्राण, अहोरात्रात २१,६००. घटी दोन्हीकडे तीच, अहोरात्राचा साठावा भाग. पण तिच्या आत मोजलेले श्वास एकीकडे दुसरीकडच्या पाचपटीहून अधिक. मिनिटाचा हिशेब केला तर एक गणना पंधरा येते आणि दुसरी सुमारे एकोणऐंशी. पंधरा ही शांतपणे बसलेल्या माणसाच्या श्वासांशी जुळणारी संख्या आहे. एकोणऐंशी ही नाडीच्या ठोक्यांच्या जवळची. कोण बरोबर हा प्रश्न निरर्थक आहे. शरीर हेही एक पात्रच. त्याच्या भरण्याचा आणि रिते होण्याचा एकक कोणता धरायचा हे ठरवावे लागते, आणि ते एकक अखेरीस सूर्याच्या एका फेरीशी बांधावे लागते. दोन्ही परंपरांनी तसे बांधले, म्हणूनच त्यांची तुलना आज आपल्याला करता येते.

सूर्याशी बांधलेला हा हिशेब एकोणिसाव्या शतकात प्रथमच मोडला, आणि सोलापुरात तो रेल्वेने मोडला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोचली. गाडी गावोगावच्या सूर्यावर चालू शकत नाही. तिला सर्व मार्गावर एकच वेळ लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातल्या रेल्वेने त्यासाठी मद्रासची वेळ धरली. आता सोलापूरचे रेखांश पाहा : पूर्व ७५.९ अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने सोलापूरची सूर्यावरची वेळ ग्रिनिचच्या पुढे सुमारे ५ तास ३½ मिनिटे. मद्रासची ५ तास २१ मिनिटे. मुंबईची ४ तास ५१ मिनिटे. म्हणजे स्टेशनावरचे घड्याळ गावातल्या सूर्याच्या साडेसतरा मिनिटे पुढे, आणि मुंबईचे घड्याळ त्याच सूर्याच्या बारा मिनिटे मागे. सूर्य डोक्यावर आला असे पाहून निघालेल्या माणसाला स्टेशनावर बारा वाजून गेलेले दिसणार. मुंबईहून आलेल्याच्या खिशातल्या घड्याळात अजून बारा वाजायचे असणार. तीन पात्रे, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर.

१८८१ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी इलाख्यात मद्रासची वेळ चालू करण्याचा प्रयत्न केला. तो टिकला नाही. १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची भारतीय प्रमाणवेळ आली. त्याच महिन्यात मुंबईतल्या जेकब ससून गिरणीत कामगारांनी या वेळेला विरोध केला. मुंबई महानगरपालिकेने जुनी मुंबई वेळ सोडली नाही. ती शहरात १९५५ पर्यंत टिकून राहिली. अर्धशतकभर एका शहरात दोन वेळा नांदल्या. याला निव्वळ हट्ट म्हणून हसणे सोपे आहे. पण घड्याळाचा काटा एकोणचाळीस मिनिटे पुढे सरकवला आणि गिरणी सुरू होण्याचा आकडा तोच ठेवला, तर कामगाराला तेवढे आधी, अंधारात उठावे लागते. कोणाच्या पात्राने दिवस मोजायचा, हा त्याच्यासाठी झोपेचा प्रश्न होता.

गिरण्यांच्या सोलापुरात हा प्रश्न दूरचा नव्हता. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, जिला गाव पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणू लागले, १८७० च्या दशकात उभी राहिली. त्यामागून नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी या गिरण्या आल्या. गावाचा दिवस भोंग्याने सुरू होऊ लागला. येथे मघाचा प्रहर आणि घटका यांचा भेद पुन्हा उपयोगी पडतो. विजेचे दिवे येण्यापूर्वी गिरणी उजेडाच्या आधारे चाले. कामाचा दिवस प्रहरासारखा होता. उन्हाळ्यात ताणणारा, थंडीत आकसणारा. दिवे आल्यावर सूर्याची ही मर्यादा गेली, आणि कामाचा दिवस कोठे संपतो हे सांगणारे दुसरे पात्र उरले नाही. भोंगा वाजेपर्यंत दिवस. ती मर्यादा पुन्हा घालून द्यावी लागली ती कायद्याने. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांचा दिवस बारा तासांचा ठरवला, १९२२ च्या कायद्याने अकरा, १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत दहा, १९४८ च्या कायद्याने नऊ. ताणणारा प्रहर गेला आणि मोजलेली घटका आली.

‘दिवस भरणे’ या शब्दप्रयोगाला येथे एक धार येते. दिवस भरला की नाही हे भोंगा सांगे, आणि भोंगा गिरणीचा होता. घटिकापात्राविषयी भास्कराचार्यांनी जे म्हटले ते भोंग्यालाही लागू आहे : त्याची चूक त्याला स्वतःला सांगता येत नाही, ती बाहेरून तपासावी लागते. कायद्यातला तासांचा आकडा हे असे बाहेरचे पात्र होते. आज यांतली एकही गिरणी चालू नाही आणि तो भोंगाही नाही. हा प्रश्न मात्र जेथे एकाचे यंत्र दुसऱ्याचा दिवस मोजते तेथे आजही तसाच आहे.

सोलापुरातल्या आणखी एका वेळेचा उल्लेख करून हा लेख संपवतो. सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले, म्हणजे भास्कराचार्यांच्याच काळातले. त्यांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह झाला, अशी श्रद्धा आहे, आणि दर जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत त्याचा अक्षता सोहळा होतो. सात नंदीध्वज सिद्धेश्वर तलावाकाठच्या संमती कट्ट्यापाशी येतात. संमतीचे वाचन होते, आणि ते संपताच जमलेल्या हजारो लोकांच्या हातून अक्षता एकदम पडतात. क्षण ठरतो तो सर्वांना एकाच वेळी ऐकू येणाऱ्या शब्दांनी.

प्रमाणवेळ हीसुद्धा अशीच एक संमती आहे. सोलापुरात घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य माथ्यावर येण्यास सरासरी सव्वीस मिनिटे बाकी असतात; ते आपण मान्य केले आहे आणि विसरूनही गेलो आहोत. विसरायला हरकत नाही, पण आकडा ठाऊक असावा. चार आणि सात मिनिटांचे कोडे वर्गात घालताना शिक्षकांनी उत्तर सांगून थांबू नये, असे म्हणूनच वाटते. दोन घड्याळे कशाला लागली, एकाने का भागले नाही, आणि ती खरोखर चार आणि सात मिनिटांचीच आहेत हे कोणी, कशाशी ताडून ठरवले, हेही विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोड्यात दिलेले नसते. ते शोधायला मुलांना वर्गाबाहेर, उन्हात, काठीची सावली मोजत उभे राहावे लागेल.